शीटवरची जुई

सर माझी शीट माईकवर वाचत होते आणि हॉलमधली माणसं हसत होती.

कामोठ्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. रविवारची सकाळ. सतरंजीवर पन्नासेक आईबाप, प्रत्येकाजवळ एक मूल. कुणी गोल गोल फिरतंय, कुणी कान दाबून बसलंय, कुणी भिंतीला डोकं टेकवून तेच तेच बोलतंय. समोर खुर्चीवर सर. पांढरा झब्बा, कपाळाला बारीक गंध. ते डॉक्टर होते की नव्हते, मला आजही माहीत नाही. बाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावामागे बरीच अक्षरं होती. आम्ही विचारलं नाही. आमच्यासारखी माणसं विचारत नाहीत, पायातलं काढून आत जातात.

"उड्या, दहापैकी नऊ. पळणे, दहापैकी दहा. किंचाळणे, नऊ. जेवण, भात आणि सुकट." इथे सर थांबले. चष्मा खाली केला. "सुकट? कोणाची शीट आहे ही?"

मी उभा राहिलो. पोरीच्या पहिल्या आठवड्याची शीट होती, सरांनीच भरायला दिलेली. रोज संध्याकाळी बसून खरं खरं लिहिलं होतं.

"गाववाले का?"

"हो सर. कोन गावचे."

"तरीच." सरांनी नाकाने मोठा श्वास घेतला, सगळ्यांना दिसेल असा. "मी म्हणत होतो, आज हॉलमध्ये वास कसला येतोय."

हशा झाला. सगळेच हसले असं नाही. पण जे हसले ते मला आजही तोंडावरून ओळखता येतील.

"अहो बाबा, औषध मी देतोय आणि आजार तुम्ही घरी शिजवताय. मग मुलगी पळणार नाही तर काय करणार?" मग माझ्या बायकोकडे बोट. "आई, उभ्या राहा. हात जोडा. सगळ्यांसमोर म्हणा, आजपासून माझ्या घरात मासळी येणार नाही."

वनिताच्या मनगटाला ओढणीचं एक टोक बांधलेलं होतं, दुसरं टोक जुईच्या मनगटाला. बाहेर पडलो की आम्ही असंच करतो. लोकांना ते बघून कसंतरी होतं, आम्हाला नाही होत. पण हात जोडायचे तर गाठ सोडायला हवी. तिने सोडली. हात जोडले. अर्धं वाक्य म्हणते न म्हणते तोच जुई सुटली, थेट सरांच्या टेबलावर. पाण्याची बाटली गेली, फुलांचं तबक गेलं, माईक खाली पडून किंचाळला आणि त्याच्यासोबत जुई किंचाळली.

"बघा," सर सगळ्यांना म्हणाले. "हा तामस."

मी पोरीला उचललं. तिचे दात माझ्या खांद्यात. आणि मी काय म्हणालो?

"चुकलं सर."

काय चुकलं होतं? पोर खाते ते तिला खायला घातलं, एवढंच. तरी म्हणालो. तो शब्द मी अजून तोंडातून धुवून काढू शकलेलो नाही.

जुई तेव्हा सात वर्षांची होती. बोलत नाही. हसते, गुणगुणते, पाणी हवं असलं की हात धरून माठाकडे नेते. तीन वर्षांची असताना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, ऑटिझम आहे, आणि अंगात चळवळ फार आहे. "हा ताप नाही उतरायला," त्या म्हणाल्या. "शिकवावं लागेल, थेरपी लागेल, वर्षं जातील." खरं बोलल्या म्हणून त्या आम्हाला आवडल्या नाहीत. थेरपीला आठवड्यातून दोनदा न्यायचं होतं. माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते. वनिता एकटी न्यायची. एकदा चालत्या रिक्षातून जुईने उडी मारली, तेव्हापासून नाक्यावरचे रिक्षावाले दोघींना बघितलं की मान वळवायचे. सुटलं ते.

मग जो जे सांगेल ते. टाळूला तेल. नाकात तूप. उंटिणीच्या दुधाची पावडर. गळ्यात खडा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; आम्ही काड्यांची मोळी बांधली.

घरात काय चालतं हे ज्याच्या घरात नाही त्याला सांगून कळत नाही. जुई पहाटे पाचला उठते आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पळते. भिंतीला हात लावते, परत पळते. थांबवलं तर स्वतःला चावते. खिडकीच्या ग्रिलवर चढते. शेगडीची बटणं काढून वनिता कमरेच्या बटव्यात ठेवते. अंघोळीला दार लावून बसायचं हे सुख माझ्या बायकोला चार वर्षांत मिळालेलं नाही.

एक गोष्ट मात्र होती. सुकट निवडणं. वनिता ताटात सुकट घेऊन बसायची, सुकी बारकी कोलंबी. तिची डोकी आणि शेपट्या खुडायच्या असतात. जुई येऊन मांडीला मांडी लावून बसायची आणि खुडायची. एकेक. डोकं एकीकडे, शेपटी दुसरीकडे. पाऊण तास. दिवसभर जिचा पाय जमिनीला लागत नाही ती पोर पाऊण तास हलायची नाही. आणि मग तीच सुकट भाजून, भातात कालवून पोटभर खायची. दुसरं काही खायची नाही.

आम्हाला ते उपचार वाटलंच नाही. आमच्या घरचं होतं ना ते. उपचार म्हणजे दुसऱ्या मजल्यावर जिना चढून जायचं, कुणीतरी खुर्चीत बसलेलं असायला हवं.

त्या रविवारी घरी आल्यावर वनिताने सुकटीचा डबा शेजारी देऊन टाकायच्या पिशवीत रिकामा केला आणि साबणाने तीनदा घासला. जुई रिकाम्या डब्यात तोंड घालून वास घेत बसली. मग डबा भिंतीवर आपटायला लागली.

सरांनी तक्ता दिला होता. मुगाचं पाणी, राजगिरा, उकडलेला दुधी. सोबत सकाळ-संध्याकाळ करड्या रंगाची पावडर, कोमट पाण्यातून. जुई दुधी बघून तोंड फिरवायची. दोन दिवस, तीन दिवस. फक्त कोरडा भात, तोही दोन घास. पावडर मात्र आम्ही पाजायचोच. मी पाय धरायचो, वनिता नाक दाबायची. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. नाक दाबायची, आणि मी पाय धरायचो.

पळणं वाढलं. अंगावर नखं ओढणं नव्याने सुरू झालं. दुसऱ्या रविवारी मी खरंच लिहून नेलं. सर खूश. "वाढलं? उत्तम. साठलेलं बाहेर पडतंय." तिसऱ्या रविवारी तेच लिहिलं तर सर चिडले. एवढ्यात कमी व्हायला हवं होतं म्हणे. वनिताकडे बघून म्हणाले, "आई, चोरून देताय. तुमच्या लोकांना सुटत नाही ते." पुन्हा माईकवर. पुन्हा सगळ्यांसमोर.

ती जिन्यावर बसून रडली. "मी नाय दिलं," मला म्हणाली. "जुईची शपत, नाय दिलं." जणू मी विचारलं होतं.

चौथ्या आठवड्यात मी पळणेसमोर चार लिहिलं.

हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या हाताला येतच होतं. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. दर तासाला प्रत्येक भांड्याचं तापमान, दाब बघून लॉगशीटमध्ये भरायचं आणि पुढे सही करायची, हे आमचं काम. आता दर तासाला कोण तीन मजले चढून गेज बघतो? आधीच्या तासाचा आकडा उचलायचा, एखादी डिग्री इकडेतिकडे करायची. साहेबाला सरळ रेघ आवडते. आकडा वाकडा लिहिला की शंभर प्रश्न, बरोबर लिहिला की कुणी बघतही नाही. सगळे करतात.

नवा होतो तेव्हा असाच बसल्या जागी बासष्ट लिहिला होता. भांडं खरं तर नव्वदीला चाललं होतं. मुनीरभाई वर गेले म्हणून वाचलो. उरणकडचे, आमच्या शिफ्टमधले सगळ्यात जुने. त्यांनी धावत जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला, खाली आले आणि लॉगशीट माझ्या छातीवर मारली. "तू कागद थंडा लिवलास म्हणून भांडं थंडा पडत नाय, मियां. भांड्याला वाचता येत नाय." महिनाभर मी गेज बघत होतो. मग परत सगळे करतात तसं.

तर माझ्या पोरीची शीट मी त्या हाताने भरू लागलो. पळणे चार. मग तीन. किंचाळणे दोन. जेवण, तक्त्याप्रमाणे. खाली पालकांची सही. एकदम उतरवलं तर संशय येतो, हळूहळू उतरवायचं. मधेच एखादा आकडा वर न्यायचा, म्हणजे खरं वाटतं. माझ्या सगळ्या नोकरीची अक्कल मी त्या कागदावर ओतली.

वनिताने एकदा शीट हातात घेतली. ओळीओळीवर बोट फिरवत वाचली.

"ही कोनाची पोर लिवली तुमी?"

"गप बस. तुला परत उभं करतील तिथे."

तिने शीट खाली ठेवली. जुई ग्रिलवर होती. खरी जुई.

हॉलमध्ये आमचे दिवस पालटले. सरांनी मला पुढे बोलावलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "हे बघा, गावातले पालक. ह्यांना जमतं, मग तुम्हा शिकलेल्यांना का जमू नये?" ही टाळी होती की थप्पड, ते मला त्या वेळी कळलं नाही असं म्हणणार नाही. कळलं. तरी छाती फुगली. ज्या माणसाने वासावरून माझं हसं केलं होतं, तो माझ्या खांद्यावर हात ठेवत होता. आणि सरांनी मात्रा वाढवली. गुण येतोय ना, मग वाढवू. दोनदाची पावडर तीनदा झाली.

जुईची हाडं दिसू लागली. पावडर प्यायली की ओकायची, ओकून झालं की पळायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. मी तिच्याकडे बघायचं टाळायला लागलो. शीटकडे बघायचो.

खोट्या शीटचे असे अकरा आठवडे.

एके दिवशी सेकंड शिफ्टला निघायच्या बेतात होतो. वनिता दूधवाल्याला दार उघडून उभी होती, तिच्या काखेखालून जुई सटकली. आमच्या गल्लीपुढे मोठा रस्ता आहे, कंटेनर एकामागे एक. आम्ही दोघं अनवाणी धावलो. ब्रेक कचकचले, कुणीतरी आईवरून शिवी दिली, एक कंटेनर तिरका होऊन थांबला. मला वाटलं, गेली.

ती पलीकडे होती. नाक्यावर सुकी मासळी विकणारी मावशी बसते, तिच्या टोपलीपाशी फतकल मारून. सुकट मुठी मुठीने तोंडात कोंबत होती. कच्ची, न निवडलेली, डोक्याशेपट्यांसकट. ओठ सोलवटून रक्त आलं होतं आणि ती थांबत नव्हती.

मावशीने माझ्याकडे बघितलं. "पोरीला जेवाया देत नाय का रं?"

मी तिथेच खाली बसलो. दहापैकी नऊ, दहापैकी दहा, दहापैकी तीन. आम्ही नुसते आकडे घालत होतो. ती आज पळाली नव्हती. ती जेवायला गेली होती. चार पदरी रस्ता ओलांडून. आणि घरात भिंतीवर चिकटवलेल्या माझ्या शीटमध्ये कालच्या तारखेला लिहिलेलं होतं: जेवण, व्यवस्थित.

मला माझीच शिसारी आली. सरांची नंतर आली.

पुढचा रविवार. आम्ही गेलो. जिन्यात एक बाई भेटल्या, कामोठ्यातल्याच, हाताशी पाच वर्षांचा मुलगा. "तुम्ही कोनचे ना? सरांनी तुमची शीट दाखवली. ती बघूनच आम्ही नाव घातलं. ह्याची थेरपी बंद केली मागच्या आठवड्यात." मुलगा माझ्या शर्टाचं बटण फिरवत होता. मी त्याची बोटं सोडवली आणि वर चढलो.

सरांनी मला वर बोलावलं. नवे आईबाप बसले होते. "बाबा, तुमचा अनुभव सांगा." माईक माझ्या हातात.

मी म्हणालो, "ही शीट खोटी हाय. अकराच्या अकरा खोट्या. माझी पोर एक दिवस शांत बसली नाय. तिला उपाशी ठेवली आमी."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. काहीतरी होईल.

सर हसले. आवाज न चढवता त्यांनी शीट वर धरली. "सही कोणाची आहे ही?"

"माझी."

"मग खोटं कोण बोललं? मी की तुम्ही?"

"मी."

"पाहिलंत?" सर लोकांकडे वळले. "मी उपचार करतो ते पालकांच्या शब्दावर. शब्दच खोटा, तर औषध काय करणार? बिचाऱ्या मुलीच्या नशिबी असे आईबाप." आणि मला, "माईक द्या."

मी दिला. त्यांचं प्रत्येक वाक्य मला लागत होतं, कारण त्यात अर्धं खरं होतं. कुणी उठलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांना बाहेर काढा हो, पोरं डिस्टर्ब होतात."

दारात त्या कामोठ्याच्या बाईंनी मला थांबवलं. डोळ्यांत राग होता, पण माझ्यावर की कशावर, कळलं नाही. "मग आता तुम्ही काय देताय तिला? काय गुण आलाय?"

"काय नाय. पळतेच हाय."

"मग?" त्या म्हणाल्या. "मग मी काय करू?"

त्या परत आत जाऊन सतरंजीवर बसल्या. दार लागलं. मी खाली उतरलो तेव्हा वनिता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, मनगटाला ओढणी, ओढणीला जुई. तिने सगळं ऐकलं होतं, माईकचा आवाज खालपर्यंत येतो. गाठ घट्ट केली आणि चालायला लागली.

त्या दिवशी आम्ही सुकट आणली. जुईने खाल्ली, ताट चाटून खाल्ली. वनिताने ताट घेऊन निवडायला बसवलं तर मात्र बसली नाही. दोन खुडल्या, मूठभर उधळल्या आणि पळाली. महिना झाला, अजून पाऊण तास काही परत आलेला नाही. पाच मिनिटं बसते, कधी सात. जे घरात होतं ते आम्ही आमच्या हातांनी घालवलं, आणि ते परत येईल की नाही, सांगायला कुणी नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे परत गेलो. त्या ओरडल्या नाहीत. वजन केलं, कागदावर लिहिलं, तो आकडा माझ्याकडून बघवला नाही. थेरपीची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. तोवर काय करायचं, विचारलं. "तोवर जेवू द्या तिला," त्या म्हणाल्या.

प्लांटमध्ये मी आता दर तासाला वर चढतो. पोरं हसतात, मुनीरभाई हसत नाहीत. आकडा वाकडा असला तर वाकडा लिहितो, साहेबाच्या शिव्या खातो.

आणि अकरा शीट मी नव्याने लिहून काढल्या. वनिता आठवून सांगत गेली, तिला सगळं आठवतं, कोणत्या दिवशी किती वेळा ओकली ते सुद्धा. पनवेलला त्यांच्या झेरॉक्स काढल्या. गेल्या रविवारी त्या इमारतीच्या जिन्याखाली उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक आईबापासमोर कागद धरला. बहुतेकांनी हात मागे घेतले. वॉचमनने हटकलं. वरून सरांचा माणूस आला, म्हणाला, पोलिसांना बोलावू. म्हटलं, बोलवा, त्यांनाही एक देतो. कामोठ्याच्या बाई आल्या. मुलगा बारीक झालाय. त्यांनी कागद घेतला नाही, माझ्याकडे बघितलं नाही, भराभरा वर गेल्या.

ह्या रविवारीही जाणार आहे. फर्स्ट शिफ्ट असेल तर बदलून घेईन, नाही मिळाली तर खाडा करीन. घेवोत न घेवोत. अकरा आठवडे मी खोटं लिहिलं आणि त्याच्या जिवावर त्या जिन्याने माणसं वर गेली. आता ती जोवर चढताहेत तोवर मी तिथे खाली उभा.

कागदावर फारसं काही नाही. उड्या, नऊ. पळणे, दहा. किंचाळणे, नऊ. जेवण, दिलं नाही. खाली नाव, गाव कोन, आणि सही माझी.